जागलीवरचा कान

लेखमाला : तारांमधली गावं – भाग ९

धानाच्या लोंब्या भरू लागल्या की लाखनी-साकोलीकडचे शेतकरी रात्री जागलीला जातात. रानडुकरांचा कळप एका रात्रीत बांधीच्या बांधी लोळवून टाकतो, म्हणून मचाणावर कुणीतरी कांबळं पांघरून बसतंच. गाव झोपलेलं असतं, त्याचेही डोळे मिटत असतात, पण कान मिटत नाहीत. खसफस झाली की तो हाळी देतो आणि आजूबाजूच्या मचाणांवरचे उठून बसतात.

आपण बंद करून घरी जातो त्या संगणकातही असा एक जागल्या बसवता येतो. लांबून, त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्रावरून हाक मारायची आणि बंद संगणक सुरू व्हायचा, या सोयीला ‘वेक ऑन लॅन’ म्हणतात. मागच्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त विचारणा झाली ती याचीच. सेतू केंद्र चालवणारे, शाळेची संगणक खोली सांभाळणारे, पतसंस्थेतले, सगळ्यांची अडचण एकच: सकाळी एकेक बटण दाबत फिरण्यात पाऊण तास जातो.

आधी ‘बंद’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घेऊ. जुन्या संगणकाचं बटण घरातल्या दिव्याच्या बटणासारखं होतं, दाबलं की वीजच तुटायची. 1995 मध्ये एटीएक्स पद्धतीचा पॉवर सप्लाय आला आणि हे बदललं. आता समोरचं बटण वीज तोडत नाही, ते मदरबोर्डला नुसती सूचना देतं. प्रोसेसर थांबतो, पंखा थांबतो, डिस्क थांबते. पण पॉवर सप्लायमधून निघणाऱ्या तारांच्या जुडग्यात एक जांभळी तार असते, तिच्यावर 5 व्होल्ट खेळतच राहतात. नेटवर्क कार्ड जागं राहतं ते या तारेच्या जिवावर. खर्च म्हणाल तर किरकोळ आहे. एका यंत्रामागे दोन वॅट धरले तर वीस यंत्रांचे चाळीस, आणि संध्याकाळी पाच ते सकाळी दहा अशा सतरा तासांत पाऊण युनिटसुद्धा होत नाही.

आता हाक कशी मारायची? गेल्या भागात आपण मॅक पत्ता पाहिला, प्रत्येक नेटवर्क कार्डावर कारखान्यातच कोरलेला सहा बाइटचा क्रमांक. 1995 मध्येच एएमडी कंपनीने हेवलेट-पॅकार्डच्या साथीने एक साधी युक्ती काढली. निरोपात आधी सहा बाइट असे भरायचे की त्यातला प्रत्येक बिट 1 असेल, आणि त्यामागे ज्याला उठवायचं त्याचा मॅक पत्ता लागोपाठ सोळा वेळा. सहा अधिक शहाण्णव, एकूण 102 बाइट. याला ‘मॅजिक पॅकेट’ म्हणतात. सोळा वेळा कशासाठी? कार्डाकडे विचार करण्याची ताकद नसते, ते जाणाऱ्या-येणाऱ्या निरोपांत फक्त एक नमुना शोधत असतं. इतर कुठल्या फाइलमध्ये तो पत्ता एखाद्या वेळी योगायोगाने आला तर यंत्र उगाच उठायला नको. सोळा वेळा सलग आपलंच नाव ऐकू आलं तर मात्र तो योगायोग नाही, एवढं त्या मुक्या कार्डालाही कळतं. इतक्या कमी सामानात इतका पक्का बंदोबस्त करणाऱ्या त्या अभियंत्यांचं मला फार कौतुक वाटतं.

झोपलेल्या यंत्राचा आयपी पत्ता जागेवर नसतो. ते यंत्र कुठल्या तारेवर आहे हे नेटवर्क स्विचही काही मिनिटांत विसरतो. म्हणून हा निरोप दवंडीसारखा द्यावा लागतो. कोतवाल चौकात उभा राहून एकाचं नाव पुकारतो, ऐकतात सगळे, पण चावडीवर जातो तो एकटाच. आणि कोतवाल जसा शिवेपलीकडे जात नाही, तशी ही दवंडी राउटर ओलांडत नाही. भंडाऱ्यात बसून तुमसरच्या शाखेतलं यंत्र उठवू पाहणारे इथेच अडतात. तहसीलदार काही गावोगाव दवंडी पिटत हिंडत नाही, तो गावच्या कोतवालाला निरोप धाडतो. तसंच तुमसरला एखादं छोटं यंत्र चोवीस तास चालू ठेवायचं, सुरक्षित जोडणीतून त्याला सांगायचं आणि दवंडी त्याने द्यायची. वायफायवर मात्र भरवसा ठेवू नका. यासाठी तारच हवी.

यंत्रात तीन जागी बदल करावे लागतात. बायोसमध्ये ‘वेक ऑन लॅन’ सुरू करा, काही ठिकाणी त्याचं नाव ‘पॉवर ऑन बाय पीसीआय-ई’ असं असतं. तिथेच ‘ईआरपी’ किंवा ‘डीप स्लीप’ असेल तर बंद करा, कारण वीज वाचवण्यासाठी ते त्या जागल्याचीच भाकर तोडतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाला यंत्र उठवण्याची परवानगी द्या, फक्त मॅजिक पॅकेटपुरती. आणि ‘फास्ट स्टार्टअप’ काढून टाका. विंडोज 8 पासून आलेली ही सोय यंत्र पुरतं बंद न करता अर्धवट निजवते, आणि अशा झोपेतून पुष्कळ यंत्रं हाकेला उठत नाहीत. प्रत्येक यंत्राचा मॅक पत्ता ‘गेटमॅक’ आदेशाने काढून कागदावर उतरवा. ही सगळी तयारी यंत्र जागं असतानाच होते, हे विसरू नका.

मी स्वतः कुठे फसलो ते सांगतो. आमच्या भागातल्या एका शाळेत वीस यंत्रांवर हे सगळं केलं. आठ दिवस झकास चाललं. सोमवारी सकाळी हाक मारली तर एकही उठेना. बायोस पुन्हा तपासलं, ड्रायव्हर बदलले, दोन तास गेले. शेवटी शिपाईमामा म्हणाले, “सर, शनिवारी जाताना मी मेन पाडून जातो. ढग भरले होते ना.” मेन पडला की जांभळी तार मेली. भिंतीवरचा नेटवर्क स्विचही त्याच बोर्डावर होता, म्हणजे जागल्याही गेला आणि कोतवालही. सोमवारी मामांनी मेन वर केला होता, पण तेवढ्याने भागत नाही. बऱ्याच यंत्रांत कार्डाला जागलीवर बसवण्याचं काम विंडोज बंद होता होता करतं. मधे वीज पूर्ण तुटली की ती नेमणूक पुसली जाते आणि यंत्र एकदा हाताने सुरू करून बंद करेपर्यंत कार्ड बहिरंच राहतं.

मामांचं चुकलं नव्हतं. वैशाख-जेठात आपल्याकडे विजा कशा पडतात ते मी सांगायला नको, आणि वीस यंत्रं जळण्यापेक्षा वीस बटणं दाबणं केव्हाही परवडतं. म्हणून आम्ही असं ठरवलं की शाळा सुरू असताना मेन चालू राहील, वादळाची चिन्हं दिसली किंवा सुट्टी लागली की खुशाल पाडायचा. शिवाय बायोसमध्ये ‘एसी पॉवर लॉस’ नावाची नोंद असते. तिथे ‘पॉवर ऑन’ निवडलं की लाईन परत येताच यंत्र आपोआप सुरू होतं.

पण थांबा. हे वाचून उन्हाळी धान लावणाऱ्यांच्या मनात काय आलं असेल ते मला ठाऊक आहे. कृषिपंपांना लाईन पाळीपाळीने मिळते, त्यात रात्रीचीही पाळी येते. अंधारात विहिरीवर जायला नको म्हणून शेतकरी पंपाला ऑटो स्विच लावतात. लाईन आली की डीपीवरचे सगळे पंप एकाच क्षणी उचल घेतात आणि डीपी जळते. म्हणूनच ऑटो स्विच काढा, असं महावितरण सांगत असतं. वीस संगणक एकदम उठले तर शाळेच्या इन्व्हर्टरची किंवा यूपीएसची गत तीच होते, कारण सुरू होण्याच्या क्षणी पॉवर सप्लाय जास्त वीज ओढतो. म्हणून हाका एकदम मारू नका, दोन यंत्रांमध्ये पाच सेकंदांचं अंतर ठेवा. ‘पॉवर ऑन’ची नोंद असेल तर मेन वर करताना आधी प्रत्येक ओळीच्या बोर्डाचं बटण बंद करा आणि मग एकेक ओळ चालू करा.

पंपाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ हे यंत्र मोबाइलवरून पंप सुरू करतं, आणि शेतावर लाईन आहे की नाही हेही कळवतं. मॅजिक पॅकेटमध्ये ही सोय नाही. हाक गेली, पण ऐकली की नाही याचं उत्तर येत नाही. मिनिटभराने त्या यंत्राला ‘पिंग’ करून बघणं एवढंच आपल्या हाती उरतं.

एक धोकाही आहे. या हाकेला बहुतेक ठिकाणी पासवर्ड नसतो, नेटवर्कच्या आत असलेला कुणीही ती मारू शकतो. उठलेल्या यंत्रात शिरायला पासवर्ड लागतोच, पण 2019 मध्ये ‘रायुक’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने नेमकी हीच हाक वापरली. बंद असलेली यंत्रं उठवायची आणि त्यांच्या फाइलींनाही कुलूप घालायचं. म्हणून पाहुण्यांचं वायफाय आणि कार्यालयाची तार वेगळी ठेवा.

शेवटी एक सोपी परीक्षा. यंत्र बंद करा आणि मागे वाकून बघा. नेटवर्कची तार जिथे खोचली आहे तिथला इवला दिवा अजून पेटलेला असेल तर जागल्या जागा आहे. दिवा विझला असेल तर बाकीच्या खटपटीआधी बायोस आणि वीज तपासा. आमच्या त्या खोलीत तिसऱ्या ओळीतल्या एका यंत्राचा दिवा काही केल्या राहत नाही, जुनं कार्ड आहे. मॅक पत्त्यांच्या कागदावर त्याच्यापुढे फुली मारली आहे. रोज सकाळी एकोणीस पडदे उजळले की मामा तिथवर जातात आणि त्याचं बटण हाताने दाबतात.