कळलावीचा कंद

मृगाच्या सरी पडल्या, कीं यवतमाळ जिल्ह्यांतील रानाच्या कडेस एक वेल झुडपांवर चढूं लागते. पानांच्या टोकांनींच ती आधार धरते. श्रावणांत तिला जें फूल येतें तें बुडाशीं पिवळें, टोकाशीं लाल, पाकळ्या ज्योतीसारख्या वर वळलेल्या. म्हणून संस्कृतांत ती अग्निशिखा, आपल्याकडे कळलावी. घरांत भांडणें लावणाऱ्या व्यक्तीसही आपण हेंच नांव देतों. वेलीचें नांव मात्र प्रसूतीच्या कळांवरून आलें आहे.

तिचा कंद नांगरासारखा वांकडा, यावरून तिला लांगलीही म्हणतात. स्त्री अडली असतां बेंबीभोंवतीं वा तळपायांस या कंदाचा लेप लावावा, ही चाल फार जुनी. परंतु आयुर्वेदाच्या ग्रंथकारांनीं कळलावीची गणना उपविषांत केली आहे, आणि गोमूत्रांत भिजवून शोधन केल्यावांचून ती वापरूं नये असेंही बजावलें आहे. आजीबाईच्या बटव्यांत उपयोग तेवढा उतरला, बजावणी मागें राहिली. शिवाय, बाळंतपण अडलें असतां लेप उगाळण्यांत जो अर्धा तास जातो, तोच जिवावर बेततो.

कंदांत आणि बियांत कोल्चिसीन नांवाचें विष असतें. हें द्रव्य १८२० सालीं फ्रान्समध्यें एका निराळ्या वनस्पतींतून प्रथम काढण्यांत आलें. वातरक्तावर डॉक्टर तें आजही देतात, आणि बियांसाठीं तामिळनाडूंत कळलावीची शेती होते. पण तेथें मात्रा मिलिग्रॅमनें मोजलेली असते. घरीं चिरलेल्या फोडींत विष किती, हें कोण सांगणार? श्रीलंकेंत हा कंद रताळें समजून शिजविल्यामुळें माणसें दगावल्याच्या नोंदी आहेत. तेव्हां शिजविल्यानें विष जातें ही समजूत सोडावी. गर्भवतीच्या पोटांत तर तो कदापि जाऊं नये.

कंद खाण्यांत आल्यास कांहीं तासांत वांत्या व जुलाब सुरू होतात. मग थोडा उतार पडल्यासारखें वाटतें, आणि घरचीं माणसें येथेंच फसतात. कारण मूत्रपिंडावर व रक्त बनविणाऱ्या मज्जेवर खरा आघात त्यानंतर दोनतीन दिवसांत होतो. वांचलेल्याचे केस पुढें आठपंधरा दिवसांनीं गळतात. यास हमखास उतारा सहजीं मिळत नाहीं. घरगुती उपायांत वेळ न दवडतां रोग्यास यवतमाळच्या शासकीय रुग्णालयांत न्यावें, व उरलेला तुकडा डॉक्टरांस दाखवावा.

फुलाशीं आमचें वैर नाहीं. कोंकणांत तें गौरीच्या पूजेंत असतें. मात्र पावसाळा सरल्यावर वेल सुकून जाते आणि जमिनीवर खूण राहत नाहीं. म्हणून हिंवाळ्यांत शतावरी वा रताळीं खणतांना वांकडा कंद हातीं लागला, तर तो टोपलींत टाकूं नये.