भेगेचा ठावठिकाणा

हेड उतरलं, खालची ऑइल पॅन निघाली आणि कनेक्टिंग रॉडसकट पिस्टन बाहेर आले की गॅरेजमधली बडबड जरा थांबते. मिस्त्री रॉकेलच्या फडक्याने काजळी पुसायला घेतो आणि एका पिस्टनच्या डोक्यावर केसासारखी रेघ दिसते. नख फिरवून बघितलं तर अडकतं. म्हणजे तो ओरखडा नव्हे, भेग.

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगसारख्या गावात असा ट्रॅक्टर ऐन ऊसतोडीत उघडला गेला, तर मालकाचा जीव टांगणीला लागतो. ट्रॅक्टर उभा म्हणजे ट्रॉली उभी, आणि ट्रॉली उभी म्हणजे तोडणीची टोळीही बसून. मग दोनच प्रश्न निघतात. वेल्डिंग करून भागेल का? नाहीतर नवा पिस्टन टाकून उद्या गाडी मिळेल का? पहिल्याचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. दुसऱ्याचं उत्तर मात्र भेग कुठे पडली आहे, त्यावर अवलंबून असतं.

पिस्टन काय सोसतो, ते आधी पाहू. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर चार स्ट्रोकच्या हिशेबाने प्रत्येक पिस्टनवर मिनिटाला १,००० वेळा डिझेल पेटतं. दहा तासांच्या नांगरटीत हा आकडा सहा लाखांवर जातो. पिस्टन १०० मिलिमीटर व्यासाचा आणि दाब ८० बार धरला, तरी दरवेळी त्याच्या डोक्यावर सहा टनांहून जास्त भार येतो. वर आगीची झळ. ट्रॅक्टरचे पिस्टन बहुधा ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूचे असतात. तो धातू ५७०-५८० अंशांच्या आसपास वितळायला लागतो, पण त्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी, ३०० अंशांपलीकडेच झपाट्याने उतरते.

डिझेल पिस्टनच्या डोक्यावर एक वाटी असते. नोझलचा फवारा तिथेच पेटतो, म्हणून वाटीचा काठ सर्वांत जास्त तापतो. त्याला फुगायचं असतं, पण भोवतालचा थंड धातू फुगू देत नाही. काठ आतल्या आत दबतो. इंजिन थंड होताना तोच काठ आकसू बघतो आणि ताणला जातो. असं हजारो वेळा झालं की तो तडकतो. सोलापूरच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्याही आकसण्याच्याच. रानाची भेग पहिल्या पावसात बुजते, एवढाच काय तो फरक.

म्हणून वाटीच्या काठावर भेग असली, तर बोट आधी नोझलकडे जायला हवं. नोझल नीट फवारा न मारता थेंब गाळत असेल, पंप जास्त डिझेल सोडत असेल किंवा टायमिंग पुढे गेलं असेल, तर आग नको तिथे आणि नको तेवढी लागते. ताकद वाढावी म्हणून पंपाचा स्क्रू पिळून घेण्याची हौस पुष्कळांना असते. चढावर भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढताना ती हौस फिटतेही. बिल पिस्टनच्या नावावर चढतं. दुसरा संशयित रेडिएटर. कूलंटऐवजी बोअरचं जड पाणी ओतत राहिलं की क्षारांचा थर बसतो आणि उष्णता बाहेर पडेनाशी होते. जाळीत भुसा अडकला असेल, तर विचारायलाच नको.

भेग पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनच्या भोकापासून वर चढलेली असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे बहुधा दाबाचा मार बसलेला असतो. वरच्या गिअरमध्ये इंजिन दाबून ओढणं, किंवा थंडीत सुरू होत नाही म्हणून हवेच्या नळीत पेट्रोल, ईथर असलं काही सोडणं, अशी कारणं सापडतात. भेग खालच्या स्कर्टवर असेल, तर एअर क्लीनर उघडून बघावा. धूळ आत गेली की लायनर झिजतो, पिस्टन सैल होतो आणि दर फेऱ्याला भिंतीवर आपटतो. ‘इंजिन वाजतंय’ असं ड्रायव्हर महिनाभर सांगत असतो, ते बऱ्याचदा हेच.

बारीक भेग डोळ्यांना सापडतेच असं नाही. जुने मिस्त्री पिस्टन रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात, कोरडा पुसतात आणि वर खडूची पूड चोळतात. भेगेत मुरलेलं रॉकेल पाझरतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. कारखान्यांत हीच युक्ती लाल रंगाच्या द्रावाने करतात.

वेल्डिंगला नकार का? ॲल्युमिनियमला टाका मारता येतो, पण त्या उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो, आकार हलतो, आणि पिस्टन-लायनरमधली फट तर मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढी. जहाजांच्या अजस्र इंजिनांत पिस्टनचा माथा वेल्डिंगने भरून पुन्हा घडवतात. तो पोलादी असतो आणि ते काम खास कारखान्यांत होतं. रस्त्याकडेच्या शेडमध्ये तो प्रयोग नको.

महाराष्ट्राला डिझेल इंजिन परकं नाही. साताऱ्यात ज्या धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने डिझेल इंजिनं घडवली, ते कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले प्रधानमंत्री झाले. इंजिनवाला माणूस थेट प्रांताच्या गादीवर, ही आपल्या इतिहासातली गमतीदार नोंद. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. कोल्हापूरच्या शिरोलीत मेनन पिस्टन्स आहे. आणि वळसंगला नेणाऱ्या अक्कलकोट रस्त्यावरच, सोलापूरच्या एमआयडीसीत, प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना परदेशी मोटारींसाठीही कॅमशाफ्ट बनवतो.

तर मग चार सिलिंडरच्या इंजिनात एकच पिस्टन बदलायचा की चारही? बाकीच्या तिघांनीही तीच नोझलची आग आणि तेच जड पाणी सोसलेलं असतं. जाणता मिस्त्री चारही लायनर-पिस्टन किट सुचवतो, बसवण्याआधी पिस्टन तोलून वजनं जुळवतो, रॉड पिळला गेलाय का तपासतो आणि नोझल, पंप टेस्टिंगला पाठवतो. यात दोन-तीन दिवस जास्त जातात. मालक कुरकुरतो, साखर कारखान्याची चिठ्ठी दाखवतो. पण पंपवाल्याकडून नोझल येईपर्यंत नवे पिस्टन खोक्यातच राहतात, आणि फुटका पिस्टन तिकडे भंगारवाल्याच्या काट्यावर किलोने मोजला जातो.