कुत्र्याचा फ्लू : ऐकीव किती, खरं किती

कुत्रा दोन दिवस खोकला की सोसायटीतले सल्लागार जागे होतात. "मुलांना लांब ठेवा, फ्लू असेल तर घरभर पसरेल," हा पहिला सल्ला. कुत्र्यांमध्ये पसरणाऱ्या फ्लूचे दोन प्रकार मुख्य आहेत. एच३एन८ हा घोड्यांकडून आला. २००४ साली फ्लोरिडातल्या शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत तो पहिल्यांदा सापडला, तेव्हा आजारी पडलेल्या २२ पैकी ८ कुत्री दगावली. एच३एन२ मूळचा पक्ष्यांचा. तो आधी कोरिया आणि चीनमध्ये दिसला, २०१५ साली शिकागोत पोचला. कुत्र्याकडून माणसाला यातल्या कशाचीही लागण झाल्याची नोंद नाही. मांजराला मात्र एच३एन२ होऊ शकतो. आपण आजारी पडत नाही, पण विषाणू आपल्या हातांवरून आणि कपड्यांवरून दुसऱ्या कुत्र्यापर्यंत जातो. कपड्यांवर तो दिवसभर टिकू शकतो, साबणाने मरतो.

"आमच्या ब्रूनोला नाइन-इन-वन दिलंय, त्याला कसा होईल?" हा गैरसमज सुशिक्षित घरांतही पक्का बसलेला आहे. लसीकरणाचं पुस्तक उघडून बाटलीचं चिकटवलेलं लेबल बघा. त्यावरचा 'पीआय' म्हणजे पॅराइन्फ्लुएन्झा. तो निराळाच विषाणू आहे, त्याची लस फ्लूला अडवत नाही. केनेल कफची लसही फ्लूला अडवत नाही. म्हणून ही इंजेक्शनं चुकवायची का? मुळीच नाही. लस न झालेल्या पिल्लाला ताप, डोळ्यांत चिपडं आणि नाकातून घट्ट शेंबूड दिसला, तर मला फ्लूच्या आधी डिस्टेंपरची, म्हणजे ही इंजेक्शनं अडवतात त्या आजाराची, धास्ती वाटते. नुसत्या खोकल्याच्या आवाजावरून नेमका आजार ओळखता येत नाही. त्यासाठी सुरुवातीच्या दिवसांतच नाकाघशातला स्वॅब तपासावा लागतो.

कोरडं नाक म्हणजे ताप, हेही खोटं. थर्मामीटर गुदद्वारात लावूनच ताप कळतो. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान.

फ्लूपेक्षा मला भीती वाटते ती घरातल्या औषधांच्या डब्याची. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृतावर उठतं, आणि मांजराला तर एक गोळीही जीवघेणी ठरते. छातीला चोळलेलं व्हिक्स कुत्रा चाटतो, त्यातला कापूर विषारी असतो. उरलेल्या अँटिबायोटिकचाही उपयोग नाही, कारण विषाणूवर ते चालत नाही. जिवाणूंचा न्यूमोनिया झाला तर डॉक्टर ते देतात. एरवी विश्रांती, भरपूर पाणी, वास येईल असं कोमट जेवण, आणि खोकला असेपर्यंत गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस. बहुतेक कुत्री दोन-तीन आठवड्यांत बरी होतात.

खोकला थांबला की लगेच बागेत नेऊ नका. एच३एन२ तीन आठवड्यांपर्यंत बाहेर पडत राहू शकतो, आणि काही कुत्री लक्षणं न दाखवताच तो पसरवतात. दिवाळीच्या सुट्टीत भरलेल्या बोर्डिंगमध्ये असं एक कुत्रं पुरे.

श्वास जोरजोरात चालला असेल, हिरड्या निळसर दिसत असतील किंवा कुत्र्याने अन्नपाणी सोडलं असेल, तर वाट बघू नका. चपट्या नाकाचा पग किंवा बुलडॉग असेल तर त्याहून लवकर निघा. निघण्याआधी दवाखान्यात फोन करून खोकल्याचं सांगा, आणि नंबर येईपर्यंत कुत्र्याला घेऊन बाहेरच थांबा.