मंडळाच्या बसचा ड्रायव्हर शेवटचा कधी झोपला होता?

डिसेंबर जवळ आला की वस्तीतली तरुण मंडळं बसची चौकशी करू लागतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाडचं चवदार तळं, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर. स्वारगेट, गुलटेकडी, दांडेकर पूल, जनता वसाहत या भागातून लांबची बस बहुतेक वेळा रात्रीच सुटते. नावांची यादी, वर्गणी, पाण्याचे जार, निळे झेंडे, बॅनर, सगळं तयार असतं. एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. ड्रायव्हर शेवटचा कधी झोपला?

ही बस चालवणारा पुष्कळदा आपल्याच वस्तीतला पोरगा असतो. दिवसा कंपनीची किंवा शाळेची बस चालवतो, रात्री मंडळाची. मंडळातले सगळे ओळखीचे, त्यात काम बाबासाहेबांचं, मग ‘आज जमणार नाही, थकलोय’ हे त्याच्या तोंडून निघत नाही. चार पैसेही मिळतात, तेही त्याला हवे असतात.

आता हिशोब करू. कंपनीच्या पहिल्या पाळीसाठी तो पहाटे पाचला उठला. रात्री दहाला त्याला जागून सतरा तास झाले. अकराला मंडळाची बस निघाली. पहाटे चारला घाटात पोचला तेव्हा तेवीस तास झाले.

सतरा ते एकोणीस तास सलग जागलेल्या माणसाचे हात आणि मेंदू, रक्तात दर १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसासारखे मंदावतात, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यात ही मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. चोवीस तास जागरण झालं की अवस्था साधारण १०० मिलिग्रॅमसारखी होते. म्हणजे पंचशील पाळणारा, दारूला कधीही न शिवलेला ड्रायव्हरसुद्धा पहाटे प्यायलेल्या माणसासारखी गाडी चालवत असू शकतो. पोलिसांच्या फुंकर मारायच्या यंत्रात मात्र झोप दिसत नाही.

डुलकी किती वेळाची?

रात्री दोन ते पहाटे सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीर आपोआप झोपेकडे ओढलं जातं. या वेळी तीन-चार सेकंदांची डुलकी लागते. कधी कधी डोळे उघडे असतानाच मेंदू झोपतो आणि ड्रायव्हरला ते कळतही नाही. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने बस चार सेकंदांत जवळजवळ ६७ मीटर जाते. तेवढं अंतर पन्नास माणसांची बस कुणीच चालवत नसतं.

१५ एप्रिल २०२३ ची पहाट आठवा. पुण्यातला जयंतीचा कार्यक्रम करून गोरेगावच्या वादक पथकातली मुलं मुंबईला परतत होती. जुन्या महामार्गावर बोरघाटात बस दरीत कोसळली, १३ जण गेले. त्याच वर्षी १ जुलैला नागपूरहून पुण्याकडे येणारी खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ मध्यरात्रीनंतर उलटून पेटली, २५ प्रवासी गेले. अपघाताला कारणं अनेक असतात, दोष कुणाचा हे ठरवणं माझं काम नाही. पण या दोन्ही वेळा बघा. त्या माणसाच्या झोपेच्या आहेत.

बाबासाहेब आणि कामाचे तास

व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखान्यातल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणायचं विधेयक मांडलं. १९४६ साली तो कायदा झाला. पुढे १९६१ साली मोटार कामगारांसाठी कायदा झाला, त्यातही हेच माप होतं: दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, आणि सलग पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती. त्या बाबासाहेबांना अभिवादन करायला निघालेल्या बसचा ड्रायव्हर वीस-वीस तास जागा असेल, तर आपण आपल्याच कामगाराला काय दिलं?

काय उपयोगी, काय नाही

मोठ्याने गाणी लावणं, खिडकी उघडणं, तोंडावर पाणी मारणं यांनी पाच-दहा मिनिटं बरं वाटतं, झोप जात नाही. चहा-कॉफीचा असर व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून चहा घ्यावा आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं गाडी उभी करून डोळे मिटावेत. खरा इलाज मात्र झोपच. निघण्यापूर्वी सात तास नाही जमले, तरी दुपारी दोन-तीन तास झोप हवीच. त्या वेळी घरच्यांनी त्याला सिलिंडर आणायला उठवू नये.

तंबाखू आणि गुटख्यावर रात्र काढणारे ड्रायव्हर मी वॉर्डात पाहिले आहेत, तोंडाच्या आजाराने आलेले. घरी एक तपासणी करा. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का? जात नसतील, किंवा गालाच्या आत पांढरा-लाल चट्टा असेल, तर दवाखाना गाठा. सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, त्या घेऊन स्टिअरिंगवर बसू नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण चुकवू नये. घाम, थरथर, गरगर जाणवली की गाडी बाजूला घ्यावी आणि साखर खावी. जो मोठ्याने घोरतो आणि दिवसाही पेंगतो, त्याने डॉक्टरांना तसं सांगावं, हा झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. आणि लघवी दाबून ठेवू नये. ड्रायव्हरनेही नाही, बसमधल्या आयाबहिणींनीही नाही. थांबा आधीच ठरवा.

मंडळाने बस ठरवताना

• ड्रायव्हरला विचारा: आज किती वाजता उठला, दुपारी झोपला का? दिवसभर ड्युटी केली असेल तर त्या रात्री त्याला बस देऊ नका.
• नागपूर सुमारे सातशे किलोमीटर आहे. तिथे दोन ड्रायव्हर हवेतच. दुसऱ्याची मजुरी एका मोठ्या बॅनरच्या खर्चातून निघते.
• प्रवासी वाहनाचा परवाना, गाडीचं परमिट, फिटनेस आणि विमा स्वतः पाहा.
• जमेल तिथे पहाटे पाचनंतर निघा. परतीची घाई नको. पोचल्यावर ड्रायव्हरला झोपायला जागा द्या, त्याला स्वयंसेवकाच्या कामाला जुंपू नका.
• रात्रभर एक कार्यकर्ता पुढे जागा बसवा. जांभया, लेन सोडणं, उशिरा ब्रेक लावणं दिसलं की बस थांबवायचा अधिकार त्याला द्या.
• अपघात झालाच तर १०८ ला फोन करा. मान-पाठीला मार लागलेल्याला ओढून काढू नका. आग लागली असेल तर मात्र आधी बाहेर काढा.
• चाळिशीनंतर ड्रायव्हरने वर्षातून एकदा बीपी, साखर आणि डोळे तपासावेत. वस्तीजवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात विचारा.

आणि ड्रायव्हर भावांनो, ‘झोप येतेय, थांबतो’ असं म्हणण्यात कमीपणा नाही. मंडळाने आजच ठराव करावा की असं म्हणणाऱ्याची मजुरी कापली जाणार नाही. चैत्यभूमीवरची रांग तासभर उशिरा पोचणाऱ्यासाठीही तिथेच असते.