व्हेंजन्स (स्टार ट्रेकमधील अंतराळयान)

‘यूएसएस व्हेंजन्स’ हे जे. जे. एब्रम्स दिग्दर्शित ‘स्टार ट्रेक इनटू डार्कनेस’ (२०१३) या अमेरिकी विज्ञानपटातील एक काल्पनिक युद्धयान आहे. कथेत ते ‘ड्रेडनॉट’ वर्गातील असून मालिकेच्या सुप्रसिद्ध ‘एंटरप्राइझ’ यानाच्या दुप्पट मोठे, तिप्पट वेगवान आणि केवळ लढण्यासाठी बांधलेले असे त्याचे वर्णन येते. काळसर रंगाचे, मध्ये पोकळ्या सोडलेल्या तबकडीचे हे यान पडद्यावर आल्यावर स्टार ट्रेकच्या चाहत्यांमध्ये मोठा वाद झाला. यान दिसण्यास प्रभावी आहे, याबद्दल फारसे दुमत नव्हते. शोधकार्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेजवळ पाहणाऱ्यास धडकी भरवणारे यान असावे काय, हा वादाचा विषय होता.

नाव

‘व्हेंजन्स’ म्हणजे सूड. ‘एंटरप्राइझ’ या शब्दात उद्यम आणि साहस हे दोन्ही अर्थ आहेत. या दोन नावांतील अंतर चित्रपटाने हेतुपूर्वक योजलेले दिसते. ‘व्हेंजन्स’ हे नाव मात्र काल्पनिक नाही. ब्रिटिश नौदलातील अनेक जहाजांना ते दिले गेले असून १९९९ साली सेवेत आलेली एक अण्वस्त्रवाहू पाणबुडीही याच नावाची आहे.

‘ड्रेडनॉट’ हा शब्दही नौदलातूनच आला आहे. शब्दशः अर्थ ‘कशालाही न भिणारी’. १९०६ साली ब्रिटनने या नावाची युद्धनौका पाण्यात उतरवली. बारा इंची दहा तोफा आणि वाफेच्या टर्बाइनवर चालणारी इंजिने यांमुळे तिच्यापुढे जगातील आधीच्या साऱ्या युद्धनौका एका रात्रीत जुन्या ठरल्या. त्यांत ब्रिटनच्या स्वतःच्या नौकाही होत्या. त्यानंतर जर्मनी व ब्रिटन यांच्यात नौकाबांधणीची जी चढाओढ लागली, तिचा शेवट पहिल्या महायुद्धात झाला. म्हणजे या नावामागे शस्त्रस्पर्धेचा सारा इतिहास उभा आहे.

पूर्वपीठिका

‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रवाणी मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू झाली. तिचे जनक जीन रॉडनबेरी यांनी यानाच्या रचनेबाबत प्रामुख्याने नकारात्मक सूचना दिल्या होत्या: अग्निबाणासारखा आकार नको, पंख नकोत, मागून ज्वाळा निघायला नकोत. दुसऱ्या महायुद्धात विमानदलात काम केलेले मॅट जेफरीज यांनी त्यांतून पुढे एक तबकडी, तिला जोडलेले नळकांडे आणि वर दोन बाजूंना इंजिनांचे लांबट कोश असा आकार सिद्ध केला. इंजिने अतिशय शक्तिशाली, म्हणून धोकादायक असणार. तेव्हा ती माणसांपासून दूर असावीत, असा त्यांचा विचार होता. यानाचा पृष्ठभाग त्यांनी मुद्दाम गुळगुळीत ठेवला, कारण दुरुस्तीसाठी कोणासही बाहेर जावे लागू नये. तोफा, बुरूज वा चिलखत दाखवणारे काहीच त्यावर नव्हते. यान सशस्त्र होते, पण ते पाहून शस्त्रांची आठवण होत नसे.

शत्रूच्या यानाबाबत जेफरीज यांनी नेमके उलट केले. १९६८ साली दिसलेले क्लिंगॉन लोकांचे यान लांब मान पुढे काढलेल्या, पंख पसरलेल्या हिंस्र प्राण्यासारखे आहे. आपले यान गोल व फिकट, शत्रूचे टोकदार व गडद, ही दृश्यभाषा चाहत्यांच्या अंगवळणी पडली ती येथपासून. १९८९ साली आलेला बोर्ग या शत्रूचा अवाढव्य घन हे तिचे टोक म्हणता येईल. त्याला पुढची बाजू नाही, मागची नाही, नाक-डोळे नाहीत; त्याच्याशी बोलायचे तर कोणत्या दिशेला तोंड करून, हेही कळत नाही. चाहत्यांनी हे यान डोक्यावर घेतले. शत्रूचे यान जितके भीषण, तितके ते आवडते, असाच एकंदर अनुभव आहे.

कथेतील स्थान

चित्रपटात ॲडमिरल मार्कस (पीटर वेलर) हा स्टारफ्लीटचा प्रमुख क्लिंगॉन साम्राज्याशी युद्ध अटळ मानतो. तो ‘सेक्शन ३१’ या गुप्त विभागामार्फत तीनशे वर्षांपूर्वीचा गोठवलेला योद्धा खान (बेनेडिक्ट कंबरबॅच) याला जागे करून शस्त्रे व याने तयार करवून घेतो. गुरूच्या आयो या उपग्रहाजवळील गुप्त गोदीत व्हेंजन्स बांधले जाते. ते इतके स्वयंचलित आहे की अगदी मोजक्या माणसांवर, प्रसंगी एकट्यानेही ते चालवता येते.

प्रकाशापेक्षा अधिक वेगाने पळणाऱ्या एंटरप्राइझला व्हेंजन्स मागून गाठते आणि त्या वेगातच तिच्यावर मारा करते. हा प्रसंग अनेक प्रेक्षकांना चित्रपटातील सर्वांत भयकारी वाटला, आणि तो वाटावा असाच आहे. त्या वेगात आपण सुरक्षित आहोत, अशी पात्रांची व प्रेक्षकांचीही समजूत होती. पुढे मुख्य अभियंता स्कॉटी (सायमन पेग) आतून यानाची यंत्रणा बंद पाडतो, खान मार्कसला ठार मारून यान बळकावतो आणि अखेरीस ते सॅन फ्रान्सिस्को शहरावर पाडतो. कोसळताना ते आधी अल्कट्राझ बेटावर आदळते.

रचना

यानाची रचना शॉन हरग्रीव्ह्स यांनी केली. त्यांनी शत्रूची दृश्यभाषा उचलली नाही, हे त्यातील विशेष. तबकडी, मागील धड, दोन कोश अशी एंटरप्राइझचीच सारी अंगे व्हेंजन्सला आहेत. मात्र प्रत्येक अंगाचा स्वभाव पालटला आहे. जेथे वळण होते तेथे कोन आला, पांढऱ्याच्या जागी काळसर करडा रंग आला. तबकडीच्या कडेचा भाग आणि मधला गाभा यांच्यामध्ये पोकळ्या असल्यामुळे समोरून पाहताना उघड्या जबड्याचा भास होतो. चेहरा ओळखीचा, पण त्यावरचे भाव परके, असे काहीसे हे यान आहे. एंटरप्राइझशेजारी ते उभे राहते त्या दृश्यात, भिंतीवर पडलेली आपलीच सावली आपल्याहून मोठी दिसावी तसा परिणाम साधला आहे.

चाहत्यांच्या प्रतिक्रिया

चर्चा चित्रपटाच्या आधीच सुरू झाली होती. डिसेंबर २०१२ मधील पहिल्या झलकीत एक यान पाण्यात कोसळताना दिसले. ते एंटरप्राइझ की दुसरे कोणते, यावर चाहत्यांनी एकेक चौकट थांबवून इंजिनांचे आकार ताडून पाहिले.

मे २०१३ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर मुख्यतः दोन मते पुढे आली. यानाच्या बाजूचे चाहते म्हणत की, १९६६ च्या रचनेला धरून राहिलेले आणि तरीही नवे वाटणारे असे यान बऱ्याच वर्षांत झाले नव्हते. प्रतिकृती बनवणारे व संगणकावर याने रेखाटणारे यांना त्याचे विशेष आकर्षण वाटले. विरोधी पक्षाचा आक्षेप मूलगामी होता. स्टारफ्लीट हे लष्कर नव्हे, असे रॉडनबेरी आयुष्यभर सांगत आले. १९८२ च्या ‘द रॅथ ऑफ खान’ या चित्रपटातील आरमारी थाटही त्यांना रुचला नव्हता. असे असता त्याच स्टारफ्लीटच्या नावाने ‘सूड’ नावाचे काळे यान दाखवणे म्हणजे मूळ कल्पनेचाच विश्वासघात, असे या चाहत्यांचे म्हणणे होते.

या आक्षेपाचे बारकाईने वाचन केल्यास एक गोष्ट ध्यानात येते. चित्रपटाचे म्हणणे याहून वेगळे नाही. गुप्त पाणतीर यानावर चढवण्यास स्कॉटी नकार देतो, आपण लष्कर केव्हापासून झालो असे विचारतो आणि राजीनामा देतो. हा तर चाहत्यांचाच प्रश्न. व्हेंजन्स हे स्टारफ्लीटने काय होऊ नये याचे चित्र आहे. ते विद्रूप वाटले तर दिग्दर्शकाचा हेतू सफल झाला. तथापि विरोधकांची बाजू एवढ्याने निकालात निघत नाही. ज्या यानाचा कथेत निषेध आहे, त्यालाच सर्वांत दिमाखदार दृश्ये दिली जातात आणि प्रेक्षक ते पाहून रोमांचित होऊन घरी जातो. निषेध संवादांत राहतो, डोळ्यांत यान राहते. शिवाय यान शहरावर कोसळते तेव्हा प्रचंड प्राणहानी झालेली असणार, तरी कथा लगेच खान व स्पॉक यांच्या पाठलागाकडे वळते. हा दोष अनेक समीक्षकांनीही दाखवला असून त्याचे समर्थन करणे कठीण आहे.

या वादाला समकालीन राजकारणाची किनार होती. खटला न चालवता दूरवरून क्षेपणास्त्र सोडून संशयिताला मारणे, होऊ घातलेल्या युद्धाचा आधीच प्रारंभ करणे, भीतीच्या नावाखाली गुप्त यंत्रणा उभारणे, हे कथेतील विषय ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या अमेरिकेतून आलेले आहेत, हे तेथील प्रेक्षकांनी सहज ओळखले. चित्रपटाच्या शेवटी त्या घटनेनंतरच्या माजी सैनिकांना अर्पणपत्रिकाही आहे. म्हणून व्हेंजन्सच्या रंगावर बोलणारे पुष्कळदा आपल्या देशावर बोलत होते.

ऑगस्ट २०१३ मध्ये लास व्हेगास येथील स्टार ट्रेक संमेलनात उपस्थित चाहत्यांनी मालिकेतील चित्रपटांची क्रमवारी लावली, तीत ‘इनटू डार्कनेस’ तळाशी गेला. तो कौल सभागृहातील लोकांपुरता होता, आणि खानची ओळख प्रदर्शनापूर्वी लपवून ठेवल्याचा रागही त्यात होता. त्याचे खापर यानावर फोडता येणार नाही. जगभरातील सुमारे ४६ कोटी ७० लाख डॉलरची मिळकत पाहता सामान्य प्रेक्षकाचा कौल निराळाच होता.

मोजमापांचा वाद

चाहत्यांचा एक वर्ग नीतीपेक्षा फूटपट्टीत रमतो. मूळ मालिकेतील एंटरप्राइझची लांबी सुमारे २८९ मीटर मानली जाते. २००९ च्या चित्रपटातील नव्या एंटरप्राइझची अधिकृत लांबी मात्र सुमारे ७२५ मीटर सांगितली गेली. खिडक्यांच्या ओळी व दारांची उंची मोजून अनेकांनी ती अमान्य केली. व्हेंजन्स ‘दुप्पट’ म्हटल्यावर साहजिकच प्रश्न आला, कशाच्या दुप्पट? एक आकडा धरला तर यान दीड किलोमीटरच्या आसपास जाते, दुसरा धरला तर त्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. चंद्राजवळ बंद पडलेली याने काही मिनिटांत पृथ्वीकडे कोसळू लागतात, यावरही गणिते मांडली गेली. त्यांत गणित करणाऱ्यांचीच बाजू बरोबर आहे.

आधीच्या यानांशी तुलना

व्हेंजन्सच्या समर्थकांनी तीन पूर्वोदाहरणे पुढे केली. फ्रांझ जोसेफ यांच्या १९७५ च्या तांत्रिक पुस्तिकेत तीन कोशांचे ‘ड्रेडनॉट’ यान होतेच; पण रॉडनबेरी यांनी पुढे त्या पुस्तिकेपासून अंतर राखले. १९९४ साली ‘डीप स्पेस नाइन’ मालिकेत आलेले ‘डिफायंट’ हे दुसरे. बोर्गशी लढण्यासाठी बांधलेले हे लहानसे, अति शस्त्रसज्ज यान खरे तर युद्धयानच. कागदोपत्री मात्र त्याला ‘संरक्षक यान’ म्हटले जाई. या शब्दच्छलाची त्या मालिकेला स्वतःलाच जाणीव आहे, आणि म्हणून ते गोड वाटते.

सर्वांत उद्बोधक उदाहरण ‘एक्सेलसियर’चे. १९८४ च्या चित्रपटात बिल जॉर्ज यांनी रचलेले हे यान एंटरप्राइझपेक्षा मोठे, नवे आणि तिचा पाठलाग करणारे होते. स्कॉटीला ते मुळीच आवडत नाही. तो त्याच्या यंत्रणेतील भाग काढून घेऊन ते जागीच बंद पाडतो. २०१३ मध्ये त्याच स्कॉटीने व्हेंजन्स बंद पाडले तेव्हा जुन्या चाहत्यांना ही आठवण झाली नसती तरच नवल. पुढे १९९१ च्या चित्रपटात सुलू हा लाडका सहकारी एक्सेलसियरचा कप्तान झाला, त्या वर्गाची याने नंतरच्या मालिकांत वारंवार दिसली, आणि नावडते यान घरचे झाले. व्हेंजन्सच्या वाट्याला असा कप्तान आला नाही.

नंतरची याने

जुलै २०१६ मध्ये सॅन दिएगो येथे ‘डिस्कव्हरी’ या यानाची पहिली चित्रफीत दाखवण्यात आली. तिचे त्रिकोणी धड पाहून ‘हे तर क्लिंगॉन यान’ अशी तक्रार झाली. वस्तुतः तो आकार केन ॲडम व राल्फ मॅक्वॉरी यांनी १९७० च्या दशकात एका न झालेल्या स्टार ट्रेक चित्रपटासाठी केलेल्या रेखाटनांवरून घेतलेला होता. त्याच मालिकेच्या २०१९ मधील दुसऱ्या पर्वात सेक्शन ३१ ची याने आली, ती गडद रंगाचीच होती.

२०२३ साली ‘पिकार्ड’ मालिकेच्या तिसऱ्या पर्वात ‘श्राइक’ हे शस्त्रांनी खच्चून भरलेले शत्रुयान आले. श्राइक म्हणजे आपल्याकडे माळरानावर दिसणारा खाटीक पक्षी; भक्ष्य काट्याला टोचून ठेवण्याच्या सवयीवरून मराठीत त्याला हे नाव पडले असून यानाला ते चपखल शोभते. त्याच्या भीषणतेचे चाहत्यांनी कौतुक केले. त्यावर स्टारफ्लीटचे नाव नव्हते.