गुंगीची भीती आणि लपवलेली गोष्ट

गेल्या पावसाळ्यात आमची खालची अक्कलदाढ आडवी उगवली. गाल सुजला, भाकरी चावेना. दवाखान्यात एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, "थोडे हाड कापावे लागेल. तुम्ही फार घाबरलात, तेव्हा गुंगीचे इंजेक्शन देऊ." मोर्चात लाठीला न भ्यालेले आम्ही, गुंगी म्हणताच गार पडलो. झोपलो आणि उठलोच नाही तर?

एका नातलगाने नारळ बोलायला सांगितले. नवस आमच्या घरातून १९५६ च्या धम्मदीक्षेबरोबरच गेले. पण भीती गेली नव्हती. पत्नी म्हणाली, "ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले, हे तुम्हीच विहारात सांगता ना? मग डॉक्टरांनाच विचारा."

आम्ही प्रश्न कागदावर लिहून नेले. डॉक्टरांनी समजावले, की ही गुंगी म्हणजे पूर्ण भूल नव्हे. माणूस स्वतःच श्वास घेतो, हाकेला ओ देतो. बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायू सतत पाहतात. दुखू नये म्हणून हिरडी बधिर करतात, ते इंजेक्शन वेगळे.

मग त्यांनी विचारले, "दारू घेता?" आम्ही "नाही" म्हणालो. पत्नीने नुसते पाहिले. इतरांना पाचवे शील समजावणारे आम्ही दोन वर्षे झोपेसाठी रात्री चोरून घोट घेत होतो. मान खाली घालून खरे सांगितले. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "दारू किंवा झोपेची गोळी या औषधात मिसळली, तर श्वास मंदावतो. सांगितलेत ते बरे झाले." त्यांनी तपासण्या करवल्या, तारीख पुढे नेली.

बंधू-भगिनींनो, दारू, तंबाखू, दम्याचा त्रास, रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या, काही लपवू नका. संमतीचा कागद मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. आम्हाला आधी ६ तास जेवण आणि २ तास पाणीही बंद होते; तुम्हाला सांगतील ते काटेकोर पाळा. घरचे माणूस सोबत न्या. नंतर २४ तास वाहन चालवू नका, व्यवहाराच्या कागदावर सही करू नका.

दाढ सुखरूप निघाली. घोट सुटावा म्हणून उपचार चालू आहेत. विहारात पाचवे शील सांगताना आता आम्ही आधी स्वतःची गोष्ट सांगतो. जयभीम!