अतिपक्व मोतीबिंदू व तज्जन्य काचबिंदू

मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढू नये, ही समजूत लोकांत अद्यापि दृढ आहे. एके काळी तिला आधार होता. भिंगाचे आवरण फोडून शस्त्रक्रिया करण्याच्या जुन्या पद्धतीत अपक्व भिंगाचा चिकट अंश डोळ्यातच राहून जाई. आज हा आधार उरलेला नाही. उलट वाट पाहणे कधी कधी घातक ठरते. कारण भिंगातील विकृती पक्वतेपाशी थांबत नाही.

काही डोळ्यांत भिंग पाणी शोषून फुगते व परितारिकेस पुढे लोटते. त्यामुळे नेत्रजल बाहेर पडण्याचा कोन मिटतो आणि दाब वाढतो. ही क्रिया सरळ यांत्रिक होय.

दुसरा प्रकार अधिक विचारार्ह आहे. अतिपक्व भिंगाचा बाह्यभाग विरघळून दुधासारखा होतो व कठीण गाभा तळाशी बसतो. आवरण वरकरणी अभंग असूनही त्यातून प्रथिने पाझरतात. ती गिळणाऱ्या महाभक्षक पेशी निचऱ्याच्या जाळीत अडकतात, असे प्रतिपादून फ्लॉक्स, लिटविन व झिमरमन यांनी १९५५ साली या रोगास भिंगविलयजन्य काचबिंदू या अर्थाचे नाव दिले. पुढे १९७८ साली एपस्टाईन प्रभृतींनी दाखविले की, मोठ्या रेणुभाराची प्रथिने स्वतःही ही जाळी तुंबवू शकतात. येथे कोन उघडा असतो. पहिल्या प्रकाराहून भेद तो हाच.

औषधांनी दाब उतरविणे ही केवळ पूर्वतयारी होय. भिंग काढणे हाच खरा उपाय. मात्र त्यासही मुदत आहे. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी परत येते, दाबाने मेलेले दृक्‌तंत्रिकेचे तंतू येत नाहीत. मदुराई येथील ९३ रुग्णांच्या, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साठीपुढील रुग्ण आणि पाच दिवसांहून अधिक काळ दाब वाढलेले रुग्ण यांच्या दृष्टीस अधिक धोका आढळला.

रुग्ण उशीर का करतो, हेही पाहिले पाहिजे. पुष्कळदा त्याच्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया आधीच झालेली असते. त्यावर त्याचे व्यवहार चालतात, आणि हा डोळा विसरला जातो. मग एके दिवशी तो लाल होऊन ठणकू लागतो. घरात ‘डोळे आले’ असे समजून चार दिवस थेंब घातले जातात. पाचांपैकी चार दिवस तेथेच संपतात.